संमती दिली, तशी परतही घेता यावी

नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) पाथर्डी-जामखेडचा ऊसतोड कामगार असो की एमआयडीसीतला हेल्पर, घरात कागदपत्रांची पिशवी असतेच. शिष्यवृत्ती, वसतिगृह, बचतगटाचे कर्ज, जागोजागी आपण झेरॉक्स देतो, सही करतो. ती पुढे कोणाच्या हाती जाते, हे विचारत नाही. जातीचा दाखला तर आपली जात उघड करणारा कागद! तो कोणी, कशासाठी पाहावा, हे आपणच ठरवले पाहिजे, असे आम्हाला वाटते.

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे २०२२ साली ६५,००० जातीचे दाखले ब्लॉकचेनला जोडण्याची योजना शासनाने हाती घेतली. हेतू हा, की दाखल्याचा खरेखोटेपणा लगेच तपासता यावा. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही. एकाने खाडाखोड केली तर बाकीच्या वह्यांत ती उघडी पडते.

अशाच वहीत संमतीचाही करार ठेवता येतो. त्याला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. 'माझा दाखला या कॉलेजने शिष्यवृत्तीपुरता, ३१ मार्चपर्यंत पाहावा', ही अट संगणकच पाळतो. तारीख उलटली की परवानगी बंद. संमती केव्हा दिली, केव्हा काढली, ती नोंद कोणी पुसू शकत नाही.

पण गोम इथेच आहे. पुसता येत नाही, म्हणून त्या वहीत नाव, जात, आधार क्रमांक कधीही लिहू नये. फक्त संमतीची खूण ठेवावी. कॉलेजने आधीच प्रत काढून ठेवली असेल, तर कुठलाही करार ती परत आणणार नाही. आणि मोबाईल मुलाचा, पासवर्ड दुकानदाराला ठाऊक, मग ही संमती कोणाची?

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खाजगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती देणे जितके सोपे, तितकेच ती काढून घेणेही सोपे असावे, असे म्हटले आहे. संमतीची सूचना मराठीतूनही मिळण्याची सोय त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले; संमतीची कलमे लागू होण्यास त्यापुढे १८ महिन्यांची मुदत ठेवली आहे. मात्र अनुदान, दाखले, योजना यांसाठी शासनाला काही अटींवर नव्या संमतीवाचूनही माहिती वापरता येते. ही सूट आम्हाला खटकते. गरिबाची सर्वाधिक माहिती शासनाच्याच दप्तरात असते ना!

एक उपाय आजही बिनखर्चाचा आहे. झेरॉक्स देताना तिच्यावर आडवे लिहा: 'फक्त शिष्यवृत्तीसाठी'. खाली तारीख आणि सही.