बिनतिकिटाचे संगीत

मुलांनो, गणेशचतुर्थीची मिरवणूक तुम्ही पाहिली आहे ना? पुढे ढोलकी आणि झांजा वाजत असतात. कोणी गाते, कोणी नाचते, तर कोणी रस्त्याच्या कडेला उभे राहून नुसते पाहते. ते संगीत ऐकायला कोणी तिकीट काढते का? नाही. ते सर्वांच्या कानांवर सारखेच पडते.

असेच बिनतिकिटाचे संगीत ऐकायला आज आपण मॉरिशसपासून फार दूर जाणार आहोत.

अमेरिकेत शिकागो नावाचे मोठे शहर आहे. ते मिशिगन सरोवराच्या काठी वसले आहे. हे सरोवर इतके विस्तीर्ण आहे की काठावर उभे राहिले तर समुद्रच वाटतो. शहराच्या मध्यभागी, उंच इमारतींच्या शेजारी, मिलेनियम पार्क ही बाग आहे. दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या आरंभी तेथे जॅझ संगीताचा उत्सव होतो. आपल्याकडे तेव्हा थंडीचे दिवस असतात, पण शिकागोत उन्हाळा असतो. हा उत्सव १९७९ साली जवळच्याच ग्रँट पार्कात सुरू झाला. २०१३ पासून तो मिलेनियम पार्कात होतो.

चला, उत्सवातल्या एका दिवसाची कल्पना करू या. लोक दुपारपासूनच बागेत येऊ लागतात. कोणी चटई आणते, कोणी चादर, कोणी खाण्याचा डबा. आजी-आजोबा येतात, कडेवरची मुलेही येतात. शाळेत शिकणाऱ्या मुलांचे वाद्यवृंदही या उत्सवात वाजवतात. संध्याकाळी मोठ्या रंगमंचावर नामवंत कलावंत येतात. समोर सुमारे चार हजार खुर्च्या आहेत. त्यांच्या मागे हिरवळ आहे. तिच्यावर आणखी सात हजार माणसे बसू शकतात. जो आधी येईल त्याला पुढची जागा मिळते. श्रीमंत पुढे आणि गरीब मागे असे तेथे नसते.

पण जॅझ म्हणजे काय?

जॅझ संगीतात ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, पियानो, ड्रम अशी वाद्ये असतात. डबल बास नावाचे माणसाएवढे उंच तंतुवाद्यही असते. त्याच्या तारा बहुतेक वेळा बोटांनी छेडतात. आधी सर्वजण मिळून एक धून वाजवतात. ही धून ठरलेली असते. मग एकेक वादक पुढे येतो आणि त्याच धुनेच्या आधाराने त्याला त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. हे कोठेही लिहिलेले नसते. आज वाजवलेले उद्या पुन्हा तसेच येईल असे नाही. आपल्या संगीतात याला उपज म्हणतात. चांगला गवई एकच राग गातो, पण दरवेळी नव्या ताना घेतो, तसेच हे आहे. सर्वांची पाळी झाली की सगळे पुन्हा पहिल्या धुनेवर येतात.

मनाला येईल ते वाजवायचे, तर मग गोंधळ कसा होत नाही? त्याचे कारण मोजणी. ब्लूज नावाच्या प्रकारात एका फेरीत सहसा १२ मापे असतात. प्रत्येक मापात ४ मात्रा असतात. म्हणजे एका फेरीत ४८ मात्रा झाल्या. प्रत्येक वादक मनात ही फेरी मोजत असतो. त्यामुळे कोण कोठे आहे हे सर्वांना कळते. एकजण वाजवत असताना बाकीचे त्याला ताल आणि सूर यांची साथ देतात. ते त्याच्याकडे कान देऊन ऐकतात. जो ऐकत नाही, त्याला जॅझ वाजवता येत नाही.

हे संगीत आले कोठून?

शिकागोच्या दक्षिणेला, रेल्वेने सुमारे दीड हजार किलोमीटरवर, न्यू ऑर्लिन्स हे शहर आहे. तेथे पूर्वी गुलामगिरी होती. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसे आणि त्यांची मुलेबाळे आठवडाभर मालकासाठी राबत. रविवारी मात्र त्यांना थोडी मोकळीक मिळे. तेव्हा ती एका मोकळ्या मैदानात जमत. या मैदानाला काँगो स्क्वेअर म्हणतात. तेथे ती ढोल वाजवत, गात आणि नाचत. एकाने ओळ म्हणायची आणि इतरांनी तिला उत्तर द्यायचे, अशी त्यांची रीत होती. पुढे गुलामगिरी संपली. आफ्रिकेचे हे ताल, बँडमधली वाद्ये आणि चर्चमधली गाणी एकत्र आली. त्यांतून विसाव्या शतकाच्या आरंभी जॅझ तयार झाले.

मुलांनो, हे वाचताना तुम्हांला आपल्या सेगाची आठवण झाली असेल. सेगा हेही गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचेच संगीत आहे. रावान शेकोटीवर तापवून त्यांनी आपले दुःख आणि आनंद त्यात वाजवला. मॉरिशसमध्ये १८३५ साली गुलामगिरी बंद झाली, पण सेगा राहिला. जगाच्या दोन टोकांना, एकमेकांना न पाहता, दुःखी माणसांनी ढोलाचाच आधार घेतला.

न्यू ऑर्लिन्समध्ये १९०१ साली लुई आर्मस्ट्राँग या मुलाचा जन्म झाला. त्याचे घर फार गरीब होते. मुलांच्या सुधारगृहात असताना तो तेथील बँडमध्ये कॉर्नेट वाजवू लागला. कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखेच, पण आखूड वाद्य आहे. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या लोकांना फार अन्याय सोसावा लागे. त्यामुळे लाखो लोक काम आणि मान यांच्या शोधात उत्तरेकडे गेले. १९२२ साली आर्मस्ट्राँगही आगगाडीने शिकागोला आला. जॅझ या शहरात असे पोहोचले.

उत्तरेतही सगळे सुखाचे नव्हते. ड्यूक एलिंग्टन हे थोर पियानोवादक आणि संगीतकार होते. १९२७ पासून ते न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबमध्ये वाजवत. तेथे वाजवणारे, गाणारे आणि नाचणारे सारे काळे असत. ऐकायला मात्र गोऱ्यांनाच प्रवेश असे. वादकाच्या स्वतःच्या आईलाही तेथे श्रोता म्हणून बसता आले नसते! विचार करा, आपले गाणे आपल्याच माणसांना ऐकता येऊ नये, यापेक्षा मोठे दुःख कोणते?

१९७४ साली एलिंग्टन वारले. तेव्हा शिकागोतील वादकांनी ग्रँट पार्कात, उघड्या आकाशाखाली, त्यांच्या स्मरणार्थ संगीताचा कार्यक्रम केला. हजारो लोक जमले. अशा कार्यक्रमांतूनच पुढे १९७९ साली जॅझचा उत्सव उभा राहिला. आता तेथे रंग पाहून कोणालाही अडवत नाहीत आणि तिकीटही मागत नाहीत.

उघड्यावर संगीत ऐकवण्यात एक अडचण असते. बंद खोलीत आवाज भिंतींवर आपटून परत येतो. उघड्यावर तो पसरून जातो. मग हिरवळीवर मागे बसलेल्यांना ऐकू कसे जाणार? त्यासाठी मिलेनियम पार्कात एक युक्ती केली आहे. हिरवळीच्या वर पोलादी नळ्यांची मोठी जाळी मांडवासारखी उभारली आहे. तिला ठिकठिकाणी ध्वनिवर्धक टांगले आहेत. आवाज हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे १०० मीटर मागे बसलेल्या माणसाकडे रंगमंचावरचा आवाज पोहोचायला सेकंदाच्या तिसऱ्या भागाहून थोडा कमी वेळ लागतो. डोक्यावरचा ध्वनिवर्धक त्याआधीच वाजला, तर तोच सूर दोनदा ऐकू येईल. म्हणून मागचे ध्वनिवर्धक मुद्दाम तेवढ्या उशिराने वाजवतात. मग पुढच्या आणि मागच्या सर्वांना संगीत स्पष्ट ऐकू येते.

तिकीट नाही म्हणजे खर्च नाही, असे समजू नका. वादकांना मानधन द्यावे लागते. दिवे, ध्वनिवर्धक, स्वच्छता, पहारा यांनाही पैसे लागतात. हा भार शिकागो शहराचा सांस्कृतिक विभाग आणि देणगीदार उचलतात. १९६९ साली स्थापन झालेली जॅझ इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो ही संस्था कोणत्या कलावंतांना बोलवायचे ते ठरवायला मदत करते. सर्वांनी मिळून खर्च उचलला, म्हणूनच सर्वांना संगीत मिळते. आपल्या गावात उत्सवासाठी वर्गणी गोळा करतात, तसेच हे झाले.

३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन आहे. युनेस्कोने २०११ साली तो जाहीर केला आणि २०१२ पासून तो जगभर साजरा होऊ लागला. त्यासाठी पुढाकार घेणारे पियानोवादक हर्बी हॅन्कॉक यांचा जन्म शिकागोचाच. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी शिकागोच्या मोठ्या वाद्यवृंदाबरोबर पियानो वाजवला होता.

मुलांनो, तुम्हीही एक खेळ करून पाहा. पाच-सहाजण गोल बसा. सर्वांनी मिळून टाळ्यांनी चार मात्रा धरा. मग पाळीपाळीने एकेकाने त्यावर आपल्या मनाचा ताल वाजवा. बाकीच्यांनी टाळी सोडू नका आणि ज्याची पाळी आहे त्याच्याकडे लक्ष द्या. थोड्या वेळाने तुमच्या लक्षात येईल की स्वतः वाजवण्याइतकेच दुसऱ्याचे ऐकणेही अवघड असते, आणि त्यात आनंदही तेवढाच असतो.

स्वाध्याय

१. जॅझ वाजवताना गोंधळ का होत नाही?
२. काँगो स्क्वेअरमध्ये लोक कोणत्या दिवशी जमत? का?
३. मागचे ध्वनिवर्धक थोड्या उशिराने का वाजवतात?
४. ब्लूजच्या पाच फेऱ्यांत एकूण किती मात्रा होतील?
५. तुमच्या गावात बिनतिकिटाचे संगीत कधी ऐकायला मिळते? त्याविषयी पाच वाक्ये लिहा.