लेझर यंत्राचे टेबल व स्टेपर मोटर : दोषनिदानाची पद्धती

जळगाव व धुळे येथील लहान कार्यशाळांत लेझर कर्तनयंत्र आता अपरिचित राहिलेले नाही. अ‍ॅक्रिलिकचे नामफलक, लाकडावरील जाळीकाम, स्मृतिचिन्हे व लग्नपत्रिका ह्यांसाठी ते वापरले जाते. यंत्र चालविणारा कारागीर येथला असला, तरी यंत्र पुरविणारा बहुधा परगावचा असतो. परिणामी, बिघाड झाला म्हणजे त्याचे पहिले निदान दूरध्वनीवरून होते. यंत्र समोर नसलेल्या माणसाला कारागिराच्या शब्दांवरूनच दोष ओळखावा लागतो. ‘मोटर गेली’ एवढे कळविले की नवी मोटर येते. ती बसविली जाते. आणि दोष तसाच राहतो. मोटरीची किंमत, कामाचे बुडालेले दिवस व ऐन लग्नसराईत गमावलेले ग्राहक हे सर्व अशा एका सैल वाक्याचे मूल्य होय. म्हणून ह्या दोषनिदानाचा विचार जितका तंत्रज्ञाचा, तितकाच भाषेच्या अभ्यासकाचाही विषय ठरतो.

टेबलाचे कार्य

कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो. भिंगातून गेल्यावर तो एका विशिष्ट अंतरावर एकवटतो. ५०.८ मिलिमीटर नाभ्यंतराचे भिंग ह्या यंत्रांत पुष्कळदा असते. माल ह्या अंतराहून एक-दोन मिलिमीटर जरी वर-खाली झाला, तरी काप रुंद व तिरपा होतो आणि कडा जळतात. जाड-पातळ माल योग्य उंचीवर आणण्यासाठी टेबल वर-खाली करावे लागते. टेबलाच्या चार कोपऱ्यांत चार उभे स्क्रू असतात. एका पट्ट्याने ते परस्परांशी जोडलेले असतात व एक स्टेपर मोटर त्या सर्वांना फिरविते.

साधी मोटर वीज मिळताच अखंड फिरत राहते. स्टेपर मोटर मात्र ठरीव पावलांनी फिरते. प्रचलित द्विकला मोटरीच्या फिरत्या भागावर ५० दाते असतात आणि एक दाता पुढे सरकण्यास चार पावले लागतात. ह्यामुळे पूर्ण फेऱ्यास २०० पावले व प्रत्येक पावलास १.८ अंश असा हिशेब बसतो. नियंत्रक विजेचे स्पंद पाठवितो. ड्रायव्हर त्या स्पंदांनुसार मोटरीच्या दोन वेटोळ्यांत आळीपाळीने प्रवाह सोडतो. आणि प्रत्येक स्पंदास मोटर ठरलेला कोन फिरते.

ह्या रचनेतील मर्माची गोष्ट अशी की, नियंत्रकास मोटरीकडून काहीही उलट कळत नाही. त्याने आज्ञा दिली म्हणजे ती पाळली गेली, असे तो गृहीत धरतो. टेबल वाटेत अडले, तरी पडद्यावरील आकडा पुढे जातच राहतो. पडद्यावरचा आकडा ही आज्ञेची नोंद आहे, घटनेची नव्हे. हा भेद ध्यानात न घेतल्याने निदानाची सुरुवातच चुकते.

तक्रारीचे शब्द

‘टेबल चालत नाही’ ह्या एका वाक्याखाली किमान सहा निरनिराळ्या घटना दडलेल्या असतात.

पहिली : वीज चालू असताना मोटरीचा दांडा हाताने सहज फिरतो. वेटोळ्यांत प्रवाहच पोचत नाही, असा ह्याचा अर्थ. वीजपुरवठा, ड्रायव्हरला कार्यरत करणारा संकेत व जोडण्या तपासाव्यात.

दुसरी : दांडा घट्ट धरलेला असतो, पण फिरत नाही. येथे प्रवाह आहे, स्पंद नाहीत. दोष नियंत्रकाकडून येणाऱ्या संकेतात किंवा त्याच्या मांडणीत असण्याचा संभव अधिक.

तिसरी : मोटर जागच्या जागी थरथरते, गुरगुरते, पुढे-मागे होते. एक वेटोळे तुटले असेल, तारांच्या जोड्यांची अदलाबदल झाली असेल, अथवा प्रारंभीचा वेग पेलवण्यापलीकडचा असेल.

चौथी : टेबल एकाच दिशेने जाते. दिशेचा संकेत पोचत नाही, किंवा सीमादर्शक स्विच दाबलेल्याच अवस्थेत अडकला आहे.

पाचवी : टेबल खाली नीट येते, वर जाताना मात्र पावले चुकतात. वर जाताना भार उचलावा लागतो. म्हणून अपुरा प्रवाह, अवाजवी वेग किंवा स्क्रूचे घर्षण ह्यांकडे लक्ष द्यावे.

सहावी : टेबल दर वेळी चालते, पण सांगितल्यापेक्षा निराळ्या अंतराने. ही तक्रार स्वतंत्र विचारास पात्र आहे.

जळगाव परिसरातील लेवा गणबोलीत असो वा धुळ्याकडील अहिराणीत असो, कारागिराने तक्रार कोणत्याही बोलीत सांगावी. प्रमाण शब्दांचा आग्रह धरण्याचे कारण नाही. वीज असताना दांडा सैल होता की घट्ट, दोष दोन्ही दिशांत दिसतो की एका, सदैव येतो की मधूनच, एवढे तीन भेद त्या सांगण्यात स्पष्ट असले म्हणजे पुरे.

प्रमाणातील चूक व अनियमित चूक

स्क्रूच्या एका फेऱ्यात टेबल ५ मिलिमीटर चढते, मोटर स्क्रूला थेट जोडलेली आहे आणि ड्रायव्हर प्रत्येक पावलाचे १६ भाग पाडतो, असे समजू. तेव्हा एका फेऱ्यास ३२०० स्पंद लागतील व प्रत्येक स्पंदास टेबल ०.००१५६२५ मिलिमीटर हलेल. नियंत्रकात हाच आकडा भरलेला हवा. ड्रायव्हरवरील लहान स्विच चुकून १६०० स्पंदांवर राहिले, तर १० मिलिमीटरच्या आज्ञेस टेबल २० मिलिमीटर जाईल. ६४०० वर राहिले, तर ५ मिलिमीटरच जाईल. अशी चूक प्रत्येक वेळी तेवढ्याच प्रमाणात होते. तीत मोटरीचा काहीही अपराध नसतो. ती आज्ञा अचूक पाळीत असते, आज्ञाच चुकीच्या एककात दिलेली असते.

ह्याउलट, एकदा ९.८, एकदा ९.१, एकदा १० असे अंतर भरत असेल, तर काहीतरी निसटते आहे. ते दोन ठिकाणी निसटू शकते. मोटर चालता चालता भाराने मागे पडली, तर ती चार पावलांच्या, म्हणजे एका दात्याच्या पटीत मागे पडते. उपरोक्त स्क्रूवर हे अंतर ०.१ मिलिमीटर होते. दांडा व स्क्रू ह्यांना जोडणाऱ्या कपलिंगची चावी ढिली झाली असेल, तर अशी कोणतीही पट आढळणार नाही. एवढ्या सूक्ष्म मापनाची सोय नसेल, तर दांडा, कपलिंग व स्क्रू ह्यांवर खडूने एक सरळ रेघ ओढावी. काही फेऱ्यांनंतर रेघ तुटलेली दिसली, तर कपलिंग सरकते. रेघ अखंड राहूनही अंतर कमी भरले, तर मोटर पावले चुकविते. अंतर मोजताना टेबल सदैव एकाच दिशेने त्या जागी आणावे. नाहीतर स्क्रूतील ढिलाई मापात मिसळते.

एका वेळी एकच बदल

निदानाचा क्रम यांत्रिक भागापासून सुरू करणे श्रेयस्कर. यंत्र बंद करून, मोटरीच्या तारा सोडवून, स्क्रू हाताने फिरवावा. तो एखाद्याच जागी जड लागला, तर वाकलेला स्क्रू, कोरडे बेअरिंग किंवा वंगणात मिसळून घट्ट झालेली धूळ हे कारण असते. चारही कोपऱ्यांची उंची मोजावी. पट्ट्याचा दाता एका पुलीवर सरकला असेल, तर टेबल तिरपे होऊन स्क्रूंत आवळून बसते. ह्या अवस्थेत कितीही सशक्त मोटर बसविली तरी ती गुरगुरणारच.

त्यानंतर मीटरने वेटोळी तपासावीत. चार तारांच्या मोटरीत तारांच्या दोन जोड्या असतात. प्रत्येक जोडीत काही थोड्या ओहमचा व दोन्ही जोड्यांत सारखा रोध दिसला पाहिजे. एका जोडीतून दुसऱ्या जोडीत मात्र वाहन नसावे. मीटर हाताशी नसल्यास, एका जोडीची टोके परस्परांस जोडून दांडा फिरवावा. तो स्पष्टपणे जड झाला, तर ते वेटोळे अखंड आहे.

मोटर निर्दोष ठरूनही शंका उरली, तर अदलाबदलीची कसोटी घ्यावी. टेबलाची मोटर, प्रवाहाची मर्यादा पाहून, दुसऱ्या चालू अक्षाच्या ड्रायव्हरला जोडावी. दोष मोटरीबरोबर गेला, तर तो मोटरीत किंवा तिच्या तारेत. मूळ जागीच राहिला, तर तो ड्रायव्हरात किंवा संकेतात.

भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास ही पद्धती नवी वाटू नये. ‘काळ’ व ‘गाळ’ ह्या लघुतम युग्मात बाकी सर्व कायम ठेवून एकच ध्वनी पालटला जातो व अर्थभेदाचे श्रेय निःशंकपणे त्या ध्वनीकडे जाते. ग्रियर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणात निरनिराळ्या बोलींचे नमुने उधळ्या पुत्राच्या एकाच कथेवरून घेतले गेले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात खानदेशीचे विवेचन आहे. आशय स्थिर ठेवल्याने बोलींतील भेद उघड होतो, तसा इतर भाग स्थिर ठेवल्याने यंत्रातील दोष उघड होतो. मोटर, ड्रायव्हर व मांडणी ही तिन्ही एकदम बदलून यंत्र चालू झाले, तरी दोष कोठे होता हे अज्ञातच राहते. आणि जे अज्ञात राहिले ते पुन्हा उद्भवते.

उष्णता व दक्षता

सकाळी चालणारे टेबल दुपारी थांबते, ही तक्रार खानदेशात विशेष दखल घेण्याजोगी आहे. उन्हाळ्यात येथील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, व बंद पेटीतील हवा त्याहूनही तापते. अशा वेळी पुष्कळ ड्रायव्हर आत्मरक्षणार्थ प्रवाह तोडतात व थंड झाल्यावर पुन्हा चालू होतात. उपाय पंख्याचा व प्रवाह योग्य मर्यादेत ठेवण्याचा आहे, मोटर बदलण्याचा नव्हे. मोटर हाताला चटका देण्याइतकी तापणे हेदेखील एकटे दोषाचे लक्षण मानू नये. स्थिर उभी असतानाही तिच्यात प्रवाह वाहतच असतो.

दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. ड्रायव्हर चालू असताना मोटरीची तार कधीही काढू नये. वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तुटल्याने उसळणारा दाब ड्रायव्हर निकामी करतो, आणि एक दोष शोधताना दुसरा निर्माण होतो. तसेच, लेझर नळीच्या वीजपुरवठ्यात हजारो व्होल्टचा दाब असतो व यंत्र बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. टेबल तपासताना तो भाग उघडू नये आणि झाकणाचा सुरक्षा-स्विच बांधून ठेवू नये.

सारांश, ‘मोटर गेली’ हे निरीक्षण नसून निष्कर्ष आहे, आणि बहुधा घाईने काढलेला. ‘वीज असताना दांडा घट्ट आहे, वर जाताना गुरगुरतो, खाली नीट येतो’ हे निरीक्षण होय. पहिल्या वाक्याने नवी मोटर येते. दुसऱ्याने कदाचित स्क्रूला तेल घालण्यावर काम भागते. कारागिराच्या ठायी हे निरीक्षण असतेच, कारण यंत्राजवळ तोच उभा असतो. ते त्याच्या स्वतःच्या शब्दांत, निष्कर्षाची भेसळ न होता दुसऱ्यापर्यंत पोचावे, एवढीच योजना करावयाची आहे.