ही मुले पळून का जात नाहीत?

काझुओ इशिगुरो यांची 'नेव्हर लेट मी गो' ही इंग्रजी कादंबरी २००५ साली आली. नागासाकीत जन्मलेल्या या इंग्लंडवासी लेखकास २०१७ चे नोबेल मिळाले.

गोष्ट इंग्लंडातलीच. हेलशॅम या निवासी शाळेत मुले खेळतात, चित्रे काढतात. सिगारेटला मात्र सक्त मनाई! तब्येतीची एवढी काळजी कशासाठी? तर ही मुले क्लोन, म्हणजे कुणाच्या तरी देहाची हुबेहूब नक्कल. मोठेपणी त्यांचा एकेक अवयव काढून घ्यायचा. तिसऱ्या-चौथ्या शस्त्रक्रियेपर्यंत खेळ खलास. त्या मरण्यालाही तिथे 'पूर्ण होणे' म्हणतात.

वाचकहो, आम्हांस एकच प्रश्न छळत राहिला. ही पोरे पळून का जात नाहीत? शाळा सुटल्यावर ना कुंपण, ना पहारा. गोष्ट सांगणारी कॅथी तर स्वतः मोटार चालवीत सोबत्यांची शुश्रूषा करीत फिरते. पण लहानपणापासून सारे असे अर्धवट कानी पडत गेले की धक्का बसलाच नाही. स्पष्ट बोलणाऱ्या एका बाईंना शाळा सोडावी लागली. गतजन्मीचे पाप कुणी सांगितले नाही, देवाचा धाक घातला नाही. चांगली शाळा पुरली!

खरे प्रेम असल्यास तीन-चार वर्षांची सवलत मिळते, ही अफवा ऐकून कॅथी आणि टॉमी जुन्या मुख्याध्यापिकेला गाठतात. आम्ही कारकून, अर्ज रोजच पाहतो. पण यांचे मागणे वाचवेना. सुटका नव्हे हो, मुदतवाढ मागतात! बाई सांगतात, अशी सवलत कधी नव्हतीच. परतताना टॉमी मोटारीतून उतरतो, अंधाऱ्या शेतात जाऊन किंचाळतो. पुढे चौथ्या शस्त्रक्रियेला मुकाट्याने हजर होतो.