‘टेबल ऑन बुक’ म्हणणाऱ्या लेकराचं नेमकं काय चुकतं?

कानाला हेडफोन लावून ऐकणाऱ्यांनी हा भाग ऐकलाच असेल. ज्यांचा डेटा संपलाय किंवा ज्यांना वाचायलाच बरं वाटतं, त्यांच्यासाठी तो इथे उतरवून देतोय. बोलताना लागलेलं पाल्हाळ थोडं कापलंय, थोडं मुद्दाम ठेवलंय.

आजचा विषय आहे इन, ऑन आणि अंडर. हसू नका. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना कॉलेजच्या मुलाखतीत किंवा स्पर्धा परीक्षेच्या पेपरात याच बारक्या शब्दांनी घाम फोडलाय. मोठमोठे शब्द पाठ असतात, अडतं ते ‘ॲट’ लावू का ‘इन’ लावू इथे. आणि ही अडचण कॉलेजात सुरू होत नाही, ती पहिली-दुसरीच्या वर्गात सुरू होते.

माझा मावसभाऊ जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा मी अधूनमधून त्याच्या वर्गात जाऊन बसतो. दुसरीचं एक लेकरू टेबलाकडं बोट दाखवून म्हणालं, “टेबल ऑन बुक.” वर्ग हसला. भाऊ हसला नाही, आणि मला तेच आवडलं. कारण ते लेकरू काहीतरी विसरलेलं नव्हतं. ‘टेबल’ येतं, ‘बुक’ येतं, ‘ऑन’ म्हणजे काय तेही येतं. त्यानं फक्त मराठीचा नियम इंग्रजीला लावला, आणि तोही अगदी बरोबर लावला. टेबलावर पुस्तक. टेबल ऑन बुक.

आपण शाळेत ‘शब्दयोगी अव्यय’ नावाचं प्रकरण शिकलो, आठवतंय? वर, खाली, मागे, पुढे, जवळ, समोर. हे शब्द नामाला मागून चिकटतात. झाडाखाली, घरामागे, विहिरीजवळ. इंग्रजीत याच कामाचे शब्द नामाच्या आधी येतात. त्यांचं नावच तसं आहे, प्रीपोझिशन, म्हणजे आधी ठेवलेला शब्द. ही गोष्ट पुस्तकात एका ओळीत संपते, पण लेकराच्या डोक्यात ती एका ओळीत संपत नाही. कारण परभणीच्या वर्गात फक्त मराठी नसते. शहरात दखनी बोलणारी लेकरं असतात, जिंतूरकडच्या तांड्यावरून बंजारा बोलणारी येतात, टीव्हीवर सगळ्यांना हिंदी ऐकू येते. या सगळ्या भाषांत जागा दाखवणारा शब्द मागेच येतो. माझ्या आजोबांच्या पिढीनं तर १९४८ च्या आधी, निजामाच्या राज्यात, शाळेत उर्दू शिकली, तिच्यातही ‘मेज पर’, ‘घर में’. म्हणजे घरात, गल्लीत, टीव्हीवर, आजोबांच्या आठवणीत, कुठंही या लेकरानं ‘आधी जागेचा शब्द, मग वस्तू’ अशी रचना ऐकलेलीच नाही. पहिल्यांदा ऐकतोय तो इंग्रजीच्या तासाला.

आता एक लांबचा किस्सा सांगतो, पण तो आपल्याच वर्गाचा आहे. तेव्हाच्या युगोस्लाव्हियात मेलानिया मिकेश नावाच्या भाषातज्ज्ञ बाईंनी दोन लहान मुलींचं बोलणं नोंदवून ठेवलं होतं. त्या मुलींच्या घरात दोन भाषा होत्या. एक हंगेरियन, तिच्यात ‘आत’, ‘वर’, ‘बाहेर’ हे सगळं आपल्या मराठीसारखं शब्दाच्या शेवटी चिकटतं. दुसरी सर्बो-क्रोएशियन, तिच्यात इंग्रजीसारखा शब्द आधी येतो. दोन वर्षांच्या आतच त्या मुली हंगेरियनमध्ये ‘कपाटात’, ‘टेबलावर’ असलं सगळं व्यवस्थित बोलायला लागल्या. सर्बो-क्रोएशियनमध्ये मात्र तेच सांगायला अजून अडखळत होत्या. मुली त्याच, डोकं तेच, टेबलही तेच. अमेरिकेतल्या डॅन स्लोबिन यांनी १९७३ साली हा दाखला घेऊन मांडलं की लहान लेकरं शब्दाच्या शेवटाकडे जास्त लक्ष देतात. आता सर्बो-क्रोएशियनमध्ये आधी शब्द येतोच, शिवाय नामाचं रूपही बदलतं, म्हणजे तिथला त्रास दुहेरी आहे, हे खरं. पण मुद्दा राहतोच.

आपल्या लेकराचा कान मराठीनं तयार केलेला आहे. तो शेवट ऐकतो, कारण मराठीत माल शेवटी असतो. डब्यात, डब्यावर, डब्याखाली, डब्यामागं. सुरुवात तीच, फरक शेपटाला. आणि इंग्रजीत? ‘इन द बॉक्स’, ‘ऑन द बॉक्स’. शेवट तोच, फरक तोंडाला. वरून इंग्रजी बोलणारा माणूस ते ‘इन’ आणि ‘ऑन’ इतकं पटकन गिळतो की लेकराला फक्त ‘बॉक्स’ ऐकू जातं. मग ते अंदाजानं काहीतरी करतं. मास्तर म्हणतात, लक्ष नाही. लक्ष आहे हो, फक्त चुकीच्या टोकाला आहे.

मग शिकवायचं कसं? सगळ्यात जास्त चालणारी पद्धत म्हणजे फळ्यावर दोन रकाने आखायचे. इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर, अंडर म्हणजे खाली. लेकरं सुरात पाठ करतात, शाळेच्या बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येतं, पालक खूश. मला ही पद्धत पटत नाही, आणि त्याचं कारण मराठीतच आहे. ‘ऑन म्हणजे वर’ हे धड खरंच नाही. डोक्यावर टोपी आहे. डोक्यावर पंखा आहे. मराठीला दोन्ही सारखंच. इंग्रजीत टोपी ‘ऑन’, कारण ती टेकलेली आहे, आणि पंखा ‘ओव्हर’ किंवा ‘अबव्ह’, कारण तो टेकलेला नाही (टेकला तर दवाखान्यात जावं लागेल). मराठीचं ‘वर’ उंची बघतं, इंग्रजीचं ‘ऑन’ टेकणं बघतं. म्हणून भिंतीवरची पाल ‘ऑन’, आणि छताला उलटी चिकटलेली पालसुद्धा ‘ऑन’च. झाडावर पोपट बसलाय, तर तो ‘इन द ट्री’, कारण तो फांद्यापानांच्या आत आहे. पण झाडाला लागलेला आंबा ‘ऑन द ट्री’. आपण मोबाईलमध्ये गाणं आहे म्हणतो, इंग्रजीत ते ‘ऑन द फोन’ असतं. रकाने पाठ करणारं लेकरू इथं दरवेळी आपटणार.

‘मध्ये’चं तर अजून वेगळंच. एकदा वर्गात दोन डबे ठेवून मराठीतच सांगितलं, “दोन डब्यांमध्ये खडू ठेव.” एका पोरानं दोन डब्यांच्या बरोबर अधे खडू ठेवला. दुसऱ्या पोरीनं खडूचे दोन तुकडे केले आणि एकेक तुकडा एकेका डब्यात टाकला. दोघंही बरोबर! मराठीत दोन्ही अर्थ निघतात. इंग्रजीत पहिलं ‘बिटवीन’ आणि दुसरं ‘इन’. जिथं मराठीतच दोन वाटा फुटतात तिथं नुसतं भाषांतर लेकराला कुठं नेणार?

म्हणून शब्दाला शब्द नाही, तर शब्दाला जागा दाखवायची. जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६० च्या दशकापासून एक पद्धत मांडली, टोटल फिजिकल रिस्पॉन्स. नाव जडजड आहे, काम सोपं. शिक्षक आज्ञा देतो, लेकरू हातापायानं करून दाखवतं, सुरुवातीला बोलायची सक्ती नाही. आधी कान तयार होऊ द्यायचा, तोंड आपोआप मागून येतं. ‘स्टँड ऑन द मॅट’, ‘सिट अंडर द टेबल’. टेबलाखाली बसायला मिळतंय म्हटल्यावर दुसरीचं कोणतं लेकरू नको म्हणेल?

यात माझ्या भावानं एक गोष्ट जमवली आहे, ती मला फार आवडते. वस्तूंची नावं तो सुरुवातीला मराठीच ठेवतो. ‘ऑन द बाज’, ‘अंडर द बाज’. ‘इन द डबा’, ‘ऑन द डबा’. कुणी म्हणेल, ही काय धेडगुजरी इंग्रजी! पण विचार करा, एका वाक्यात एकच नवी गोष्ट. ‘कॉट’ आणि ‘अंडर’ दोन्ही नवीन असले की लेकरू ‘कॉट’च्या मागं धावतं, कारण ती दिसते. ‘बाज’ रोजची आहे, तिच्याकडं लक्ष द्यावंच लागत नाही, सगळं लक्ष ‘अंडर’वर. आणि ‘ऑन द बाज’ हे तीन शब्द तो एका दमात, एकच शब्द असल्यासारखे म्हणतो, फक्त ‘ऑन’वर जोर देऊन. पंधरा-वीस दिवसांनी बाजेची कॉट होते. तोवर कान पुढच्या टोकाकडं वळलेला असतो.

आता एक फसवणूक सांगतो, ती शिक्षकांनाच काय, घरी शिकवणाऱ्या ताई-दादांनाही लक्षात येत नाही. तुम्ही लेकराला डबा आणि गोटी देता, म्हणता ‘इन द डबा’, ते गोटी डब्यात टाकतं. तुम्ही शाबास म्हणता. पण त्याला ‘इन’ कळलं का? ईव्ह क्लार्क यांनी १९७३ मध्येच दाखवून दिलं होतं की लहान मूल, शब्द कळो न कळो, पोकळ भांडं दिसलं की वस्तू आत टाकतं, आणि सपाट जागा दिसली की वर ठेवतं. ते वस्तू बघून वागतं, शब्द ऐकून नाही. तिचा अभ्यास सहा-सात वर्षांच्या नव्हे, त्याहून लहान मुलांवर होता. पण नव्या भाषेत सात वर्षांचं लेकरूही तसंच लहान होतं, हे वर्गात दिसतं. म्हणून परीक्षा घ्यायची तर उघड्या डब्यासमोर ‘अंडर’ म्हणा. वस्तू एक सांगतेय आणि शब्द दुसरंच, तिथं लेकरानं शब्द ऐकला तरच खरं आलं.

क्रमाचंही तसंच. पुस्तकाच्या एकाच पानावर इन, ऑन, अंडर, बिहाइंड, बिटवीन, इन फ्रंट ऑफ सगळे एकदम असतात, पण मुलांना ते एकदम येत नाहीत. जॉन्स्टन आणि स्लोबिन यांनी १९७९ मध्ये इंग्रजी, इटालियन, सर्बो-क्रोएशियन आणि तुर्की अशा चार भाषांतली मुलं तपासली. आत, वर, खाली, शेजारी हे आधी आलं. मधोमध, मागं आणि पुढं हे नंतर. कारण सरळ आहे. ‘खाली’ कुठूनही बघा, खालीच. ‘पुढं’ मात्र कुणाच्या पुढं? एसटीला तोंड आहे, बैलाला तोंड आहे, घराला दार आहे, म्हणून त्यांची पुढची बाजू ठरलेली असते. लिंबाच्या झाडाची पुढची बाजू कोणती? जो बघतोय त्याच्यावर अवलंबून. म्हणून ‘इन फ्रंट ऑफ’ शिकवायचं तर एसटी आणि बैलापासून सुरुवात करा, झाड आणि चेंडू महिन्यानं आणा.

हे सगळं एवढ्या बारकाईनं का सांगतोय? महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी आहे. त्याआधी ती पाचवीला भेटायची. पाचवीच्या पोराला मराठी व्याकरणाची थोडी ओळख असायची, त्याला ‘मागे येतं ते पुढं जातं’ असं समजावून सांगता यायचं. सहा वर्षांच्या लेकराला व्याकरण सांगून चालत नाही, त्याला डबाच लागतो. आपल्या जिल्ह्यात अनेक घरांत इंग्रजी वाचणारी ही पहिलीच पिढी आहे. दिवाळीनंतर काही आई-बाप ऊसतोडीला जातात, लेकरं आजीजवळ राहतात किंवा त्यांच्यासोबत निघून जातात. त्या लेकराला घरी कुणी ‘टेबल ऑन नाही, ऑन द टेबल’ असं सांगणार नाही. वर्गात हसणं झालं, वहीवर लाल फुली बसली, की ते गप्प होतं. चौथी-पाचवीपर्यंत ही मुलं इंग्रजी मोठ्यानं वाचतात, छान वाचतात, आणि ‘व्हेअर इज द कॅट?’ विचारलं की खाली बघतात. आणि आई-बापाला वाटतं, मराठी शाळेत पोरगं बिघडलं, कर्ज काढून इंग्रजी शाळेत टाकू.

त्यात रिकाम्या जागा भरा! ‘द कॅट इज डॅश द टेबल.’ चित्र नाही, काही नाही. मांजर टेबलावर असेल, खाली असेल, शेजारी असेल, त्याची मर्जी. उत्तरपत्रिकेत एकच उत्तर बरोबर. ‘अंडर’ लिहिणाऱ्या पोराचं काय चुकलं, मला तरी कळत नाही. अशा प्रश्नाला शेजारी चित्र असावं, नाहीतर तो विचारूच नये.

ऐकणाऱ्यांपैकी कुणाच्या घरी धाकटी बहीण, भाचा, शेजारचं लेकरू असेल, त्यांच्यासाठी एक खेळ. फोन हातात आहेच, त्याला कार्टून लावून देण्याऐवजी फोटो काढा. शेळी गाडीखाली, कोंबडी माळवदावर, चप्पल बाजेखाली, दादा आणि आजीच्या मधोमध मांजर. लेकरालाच काढू द्या. मग फोटो दाखवून विचारा, ‘व्हेअर इज द शेळी?’ उत्तर ‘गाडी अंडर’ आलं तर चूक म्हणू नका, तुम्ही फक्त ‘हो, अंडर द गाडी’ म्हणा आणि पुढचा फोटो लावा. आजीला इंग्रजी येत नसलं तरी शेळी कुठं आहे ते तिला दिसतं, त्यामुळं लेकरू बरोबर बोललं की नाही हे दोन दिवसांत तीसुद्धा ओळखायला लागते. आमच्याकडे एका आजीनं तर ‘अंडर’ आणि ‘ऑन’ची अदलाबदल करून नातवालाच पकडलं.

वेळेचे शब्द, म्हणजे सोमवारी, सकाळी, पाच वाजता, उन्हाळ्यात, यांचं गणित वेगळं आहे. ते डब्यात टाकून दाखवता येत नाहीत, म्हणून पहिली-दुसरीत त्यांना हात लावू नये असं माझं मत. त्यावर पुढच्या भागात बोलू. तोवर तुमच्या घरच्या शेळीचा फोटो पाठवा, गाडीखालचाच हवा असं नाही.