अमेरिकी निर्देशांक फंड निवडताना : परताव्याआधी खरेदीची वाट तपासणे आवश्यक

बेंगळुरू : दक्षिण बेंगळुरूतील जे. पी. नगर येथे ‘झिरोधा’ या दलाली पेढीचे मुख्यालय आहे. २०१० मध्ये स्थापन झालेल्या या पेढीने २०१७ मध्ये ‘कॉइन’ हा म्युच्युअल फंडांचा मंच सुरू केला. अशा मंचांमुळे मध्यमवर्गीय गुंतवणूकदाराला ॲपल, मायक्रोसॉफ्ट यांसारख्या बड्या अमेरिकी कंपन्यांचे निर्देशांक फंडही घरबसल्या रुपयांत घेता येऊ लागले. मात्र, या फंडांची निवड केवळ मागील परताव्याच्या तक्त्यावरून करणे महागात पडू शकते. एकाच निर्देशांकातील समभागांसाठी दोन गुंतवणूकदारांना एकाच दिवशी वेगवेगळी किंमत मोजावी लागू शकते आणि त्याचे कारण भारतातील नियमांत दडलेले आहे.

निर्देशांक कोणता?

१९५७ पासून आजच्या स्वरूपात असलेला ‘एस अँड पी ५००’ हा निर्देशांक अमेरिकी बाजारमूल्याचा सुमारे ८० टक्के हिस्सा व्यापतो. त्यात बँका, औषध, ऊर्जा आणि ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपन्याही येतात. १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘नॅसडॅक १००’ मध्ये वित्तीय कंपन्यांना स्थान नाही आणि तंत्रज्ञान कंपन्यांचे वजन फार मोठे आहे. मार्च २००० मधील उच्चांक पुन्हा गाठण्यास या निर्देशांकाला २०१५ साल उजाडले.

बेंगळुरू किंवा पुण्यातील अनेक कर्मचाऱ्यांना अमेरिकी तंत्रज्ञान कंपन्यांकडून वेतनाचा भाग म्हणून समभाग मिळतात. त्यांची नोकरी आणि बचतीचा मोठा हिस्सा आधीच एका क्षेत्रावर अवलंबून असतो. त्यांनी पुन्हा ‘नॅसडॅक १००’ घेतल्यास जोखीम विभागली न जाता वाढते.

मर्यादेचा अडसर

भारतातील सर्व म्युच्युअल फंडांना मिळून परदेशात ७०० कोटी डॉलरपर्यंतच गुंतवणूक करता येते, तर एका फंड कंपनीसाठी ही मर्यादा १०० कोटी डॉलर आहे. परदेशी ईटीएफमध्ये पैसे लावणाऱ्या योजनांसाठी १०० कोटी डॉलरची स्वतंत्र मर्यादा आहे. पहिली मर्यादा जवळ आल्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये नवी गुंतवणूक थांबवण्यात आली. जून २०२२ मध्ये ‘सेबी’ने विमोचनामुळे मोकळ्या झालेल्या जागेपुरती ती पुन्हा खुली केली. दुसऱ्या मर्यादेमुळे १ एप्रिल २०२४ पासून परदेशी ईटीएफवर आधारित योजनांचेही दार बंद झाले. परिणामी, एखादी योजना एका महिन्यात खुली, तर दुसऱ्या महिन्यात बंद किंवा ठरावीक रकमेच्या एसआयपीपुरतीच चालू असल्याचे आढळते.

ईटीएफवरील अधिमूल्य

योजना बंद असताना अनेकांची पावले शेअर बाजारात व्यवहार होणाऱ्या ईटीएफकडे वळतात. सामान्य स्थितीत मागणी वाढली की मोठे व्यवहारकर्ते फंड कंपनीकडून नवे युनिट घेऊन बाजारात विकतात आणि भाव निव्वळ मालमत्ता मूल्याच्या जवळ राहतो. परदेशी गुंतवणुकीची मर्यादा संपल्यावर नवे युनिट निर्माण करता येत नाहीत. पुरवठा थांबतो, मागणी मात्र वाढत राहते आणि भावावर अधिमूल्य चढते.

समजा, युनिटचे निव्वळ मालमत्ता मूल्य १०० रुपये असताना बाजारभाव ११२ रुपये आहे. पुढील वर्षभरात मूल्य १० टक्क्यांनी वाढून ११० रुपये झाले आणि मर्यादा शिथिल होऊन अधिमूल्य नाहीसे झाले, तर निर्देशांक वाढूनही गुंतवणूकदाराला प्रतियुनिट दोन रुपयांचा तोटा होतो. वार्षिक खर्चातील पाव टक्क्याच्या फरकापेक्षा हा फटका कितीतरी मोठा आहे. त्यामुळे ईटीएफ घेण्यापूर्वी फंड कंपनीच्या संकेतस्थळावरील चालू निव्वळ मूल्य आणि बाजारभाव यांची तुलना करणे अनिवार्य ठरते.

थेट मार्ग आणि कर

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर परदेशी पाठवता येतात. म्युच्युअल फंडांची मर्यादा या मार्गाला लागू नाही. मात्र, एप्रिल २०२५ पासून वर्षात दहा लाख रुपयांपुढील गुंतवणुकीच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस आकारते. विवरणपत्रात ही रक्कम समायोजित होते, तरी तोवर पैसा अडकून राहतो. अमेरिकी लाभांशातून २५ टक्के कर कापला जातो. शिवाय, अमेरिकेतील मालमत्ता ६० हजार डॉलरहून अधिक असल्यास मृत्यूनंतर वारसांना तेथील वारसा कराला सामोरे जावे लागू शकते. भारतीय फंडाच्या युनिटधारकाला हा वारसा कर लागू होत नाही.

भारतात बाजारात नोंदणी नसलेल्या अशा फंडाचे युनिट २४ महिन्यांनंतर विकल्यास नफ्यावर १२.५ टक्के, अधिक अधिभार व उपकर लागतो. त्याआधी विकल्यास उत्पन्नाच्या टप्प्यानुसार कर आकारला जातो. सूचिबद्ध ईटीएफसाठी ही मुदत १२ महिने आहे. देशी समभाग फंडांच्या नफ्याला मिळणारी सव्वा लाख रुपयांची सवलत येथे मिळत नाही.

रुपयाच्या घसरणीचा लाभ या फंडांना मिळतो. २०११ च्या प्रारंभी सुमारे ४५ रुपयांना मिळणाऱ्या डॉलरने २०२२ मध्ये ८० रुपयांचा टप्पा ओलांडला. रुपया सावरल्यास हाच परिणाम उलट होतो.

निवडीचा क्रम म्हणूनच असा असावा : प्रथम आपल्या नोकरीच्या क्षेत्राशी ताडून निर्देशांक ठरवावा, मग योजना नव्या गुंतवणुकीसाठी खुली आहे का, हे पाहावे, त्यानंतर खर्चाचे प्रमाण आणि निर्देशांकापासूनची तफावत तपासावी. योजना बंद असेल, तर चढ्या अधिमूल्याने ईटीएफ घेण्यापेक्षा प्रतीक्षा करणे अधिक शहाणपणाचे आहे.