डॉगवुड

डॉगवुड : (लॅ. कॉर्नस, कुल-कॉर्नेसी). उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण कटिबंधात आढळणारा वृक्ष व झुडपे यांचा एक वंश. यात सु. ६० जाती असून बहुतेक पानझडी आहेत. पाने साधी व बहुधा समोरासमोर असून त्यांच्या शिरा कडेजवळ वळून टोकाकडे जातात. पान हळूच फाडल्यास शिरांतील बारीक तंतू दोन्ही तुकड्यांना धरून ठेवतात; ओळखण्यास ही खूण उपयोगी पडते. फुले लहान व चार पाकळ्यांची असतात. काही जातींत फुलोऱ्याभोवती चार मोठी छदे असतात व तीच पाकळ्यांसारखी दिसतात. फळ अश्मगर्भी असते.

प्रमुख जाती : (१) मोठ्या छदांचे वृक्ष : उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील कॉ. फ्लोरिडा हा ५ ते १० मी. उंचीचा वृक्ष पांढऱ्या वा गुलाबी छदांमुळे बागेत लावतात. त्याच्या कठीण, गुळगुळीत लाकडाचे पूर्वी विणकामाचे धोटे करीत. पूर्व आशियातील कॉ. कौसाची छदे टोकदार असून तो काहीसा उशिरा फुलतो. हिमालयातील सदापर्णी कॉ. कॅपिटाटाची छदे फिकट पिवळी व स्ट्रॉबेरीसारखी दिसणारी लाल फळे खाद्य असतात. (२) छदे लहान असलेले : यूरोप व पश्चिम आशियातील कॉ. मास या लहान वृक्षास पालवीपूर्वी पिवळी फुले येतात. आंबट लाल फळांचा मुरंबा करतात. (३) रंगीत फांद्यांची झुडपे : कॉ. अल्बा व कॉ. सेरिसिया यांच्या कोवळ्या फांद्या हिवाळ्यात लालभडक दिसतात. जुन्या फांद्यांचा रंग फिका पडत असल्याने त्या वसंताच्या आरंभी बुंध्याजवळ छाटतात.

लागवडीस अनुकूल परिस्थिती : कॉ. फ्लोरिडाला ओलसर, निचऱ्याची, कुजलेल्या पानांनी समृद्ध व किंचित अम्ल जमीन आणि विरळ सावली लागते. मुळे उथळ असल्याने उन्हाळ्यात पाणी कमी पडल्यास पानांच्या कडा करपतात. खोडाभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन हितकर ठरते. लाल फांद्यांची झुडपे पाणथळ जागीही वाढतात; कॉ. मास चुनखडीयुक्त जमीन सहन करतो. बहुतेक पानझडी जातींच्या कळ्यांची सुप्तावस्था संपण्यास काही आठवडे कडक थंडी आवश्यक असते. बियाही उगवण्यापूर्वी कित्येक आठवडे ओलसर थंडीत राहाव्या लागतात. १९७० नंतरच्या दशकापासून अमेरिकेत डिस्कुला डिस्ट्रक्टिवा या कवकामुळे होणाऱ्या करपा रोगाने कॉ. फ्लोरिडाची मोठी हानी झाली, कॉ. कौसा त्या रोगास बराच दाद देत नाही.

दख्खनच्या पठारावरील स्थिती : हिंगोली जिल्ह्यातील (स्थापना १ मे १९९९) सेनगाव तालुक्यातील पुसेगावचा परिसर उदाहरणादाखल घेतल्यास अडचण स्पष्ट होते. येथील काळी जमीन बेसाल्टापासून बनलेली व अल्कधर्मी आहे. अशा जमिनीत लोह वनस्पतीस सहज मिळत नाही व अम्लप्रिय झाडांची पाने पिवळी पडतात. ती पावसाळ्यात चिबड होते व उन्हाळ्यात भेगाळून उथळ मुळे तोडते. त्यातच पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, उन्हाळा तीव्र असतो व हिवाळा सौम्य. कुंडीतील माती बदलता येते, हिवाळा बदलता येत नाही. म्हणून येथे डॉगवुड लावणे व्यर्थ होय.

अंकोल : (सं. अंकोट, लॅ. ॲलॅंजियम साल्वीफोलियम). या कुलाचा प्रतिनिधी महाराष्ट्रात मात्र आहे. पूर्वी स्वतंत्र कुलात गणलेला ॲलॅंजियम वंश आता कॉर्नेसीतच समाविष्ट करतात. ३ ते १० मी. उंचीचा हा पानझडी वृक्ष वा झुडूप कोरड्या जंगलांत, माळावर व शेताच्या बांधावर आढळतो. फांद्यांची टोके पुष्कळदा काटेरी असतात व पाने एकाआड एक येतात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, झाड बहुधा निष्पर्ण असताना, सुगंधी पांढरी फुले येतात. पाकळ्या अरुंद व मागे वळलेल्या असतात. पिकल्यावर जांभळट काळी होणारी एकबीजी फळे खाद्य असून पक्षी बीजप्रसार करतात. चिवट लाकूड अवजारांच्या दांड्यांस वापरतात.

मुळाची साल वांतिकारक असून तीत एमेटीन व सेफेलीन ही अल्कलॉइडे असतात. एमेटीन हृदयाच्या स्नायूंना अपायकारक असल्याने तिचा घरगुती वापर धोक्याचा ठरतो. शिवाय साल काढण्यासाठी मुळे खणल्यास झाड मरते. लागवड पिकलेल्या फळांतील ताज्या बियांपासून पावसाळ्याच्या आरंभी करतात. मुरमाड, निचऱ्याची जमीन व भरपूर ऊन पुरेसे असते. रोप रुजल्यावर सहसा पाणी द्यावे लागत नाही. कोरड्या पठारावर बांध व पडीक जमिनीसाठी या कुलातील हीच जाती योग्य होय.