गजाचा भार

हेल्मुट लाखेनमान यांच्या 'ग्रान तोर्सो' या रचनेचे पान प्रथमच उघडणारा वादक बेथोव्हेन आणि बार्टोक यांच्या चतुष्टयांत कितीही मुरलेला असला, तरी ज्या लिपीत तो लहानपणापासून वाचत आला ती ही लिपी नव्हे अशीच त्याची पहिली भावना होते. कारण पाच रेषांच्या आरंभी स्वरांची स्थाने ठरवून देणारी नेहमीची खूण जेथे असावयाची तेथे पुष्कळदा वाद्याचाच एक लहानसा आराखडा काढलेला असतो, घोडी कोठे, बोटे ठेवण्याची काळी पट्टी कोठे, तारा खालच्या बाजूला अडकवलेल्या असतात ते लाकूड कोठे हे त्यात दाखवलेले असते, आणि पुढच्या रेषा कोणता स्वर वाजवावा याविषयी मौन पाळून गज व हात त्या आराखड्यावर कोठून कोठे न्यावेत एवढेच सांगतात. दोन व्हायोलिने, एक व्हिओला आणि एक चेलो यांच्यासाठी १९७१-७२ मध्ये लिहिलेली आणि पुढे १९८८ पर्यंत पुनःपुन्हा तपासलेली ही रचना वीस मिनिटांहून थोडी अधिक चालते, आणि तेवढ्या अवधीत ज्याला सामान्य श्रोता स्वर म्हणेल असे काही क्वचितच कानी पडते.

लाखेनमान यांचा जन्म १९३५ सालचा, स्टुटगार्टचा. १९५८ ते १९६० या काळात त्यांनी व्हेनिसमध्ये लुइजी नोनो यांच्यापाशी अध्ययन केले आणि १९८१ पासून १९९९ पर्यंत स्टुटगार्टच्याच संगीत विद्यापीठात रचनाशास्त्र शिकवले. १९६८ पासून मुंबईशी भगिनी-नगराचे नाते जोडलेल्या या डोंगरांच्या कुशीतल्या शहरात, एका तरुण चतुष्टयाच्या तालमींना कोपऱ्यात बसून राहण्याची परवानगी मला मिळाली. ध्वनिमुद्रण करावयाचे नाही, एवढीच एक अट होती. त्यांच्या कार्यक्रमात दोनच रचना होत्या: 'ग्रान तोर्सो', आणि तिशीच्या आतबाहेरच्या एका संगीतकार बाईंची, अद्याप कोठेही न वाजलेली, शाई नुकतीच वाळलेली एक नवी रचना.

लाखेनमान यांच्या विचाराचे मूळ सांगितल्यावाचून पुढचे नीट समजणार नाही. १९४८ मध्ये पॅरिसच्या नभोवाणीत पियेर शेफर यांनी आगगाड्यांचे आवाज मुद्रित करून त्यांची एक रचना बांधली, आणि प्रत्यक्ष जगातला कोणताही ध्वनी संगीताचे द्रव्य होऊ शकतो हे दाखवून दिले. लाखेनमान यांनी तीच दृष्टी ध्वनिफितीवरून काढून पुन्हा जुन्या वाद्यांकडे वळवली, आणि तारेवर गज घासला जातो तेव्हा घासणे, अडकणे, सुटणे, दाबले जाणे ही जी खरोखरची घटना घडते तीच ऐकवावी, स्वर हा त्या घटनेचा एक परिणाम तेवढा मानावा, असा पक्ष घेतला. १९६९ मधील 'प्रेसिओन' या एकट्या चेलोच्या रचनेत तो पक्ष स्पष्ट उभा आहे. 'ग्रान तोर्सो' मध्ये तो चौघांच्या वाट्याला येतो.

आता ज्या आवाजासाठी मी त्या तरुण चौघांना एक अख्खी सकाळ झगडताना पाहिले तो आवाज असा. गज मुठीत धरावयाचा, तारेवर विलक्षण भार द्यावयाचा आणि तो इतका सावकाश ओढावयाचा की हात हलतो आहे की नाही याचा पाहणाऱ्याला संभ्रम पडावा. एरवी गजाचे केस, त्यांवरच्या राळेमुळे, तारेला क्षणभर धरून ठेवतात आणि सोडतात. ४४० कंपनांचा स्वर असेल तर हे धरणे-सोडणे सेकंदाला ४४० वेळा, ठरल्या शिरस्त्याने होते, म्हणून आपल्याला अखंड स्वर ऐकू येतो. वेगाच्या मानाने भार फार वाढला की तारेचे सुटणे लांबते, त्यातला नियम मोडतो, आणि स्वराच्या जागी एकेक सुटा कट्कार, वाळलेल्या काटकीसारखा, कानावर येऊ लागतो. हे झाले शास्त्र. परंतु लाखेनमान यांना कसाही कर्कश घर्षणध्वनी नको आहे. त्यांना ते कट्कार मोजता येतील इतके विरळ, आरंभी दाट असून हळूहळू विखुरत जाणारे हवे आहेत, आणि खाली दडलेला मूळ स्वर चुकूनही पाझरू नये म्हणून डाव्या हाताचा तळवा तारांवर आडवा पडलेला हवा आहे. चेलोची तार जाड, तिचे कट्कार जड आणि दूरदूर. व्हायोलिनची बारीक, तिचे हलके आणि उतावळे. चौघांचे एकच विरळणे साधावयाचे तर प्रत्येकाचा भार निराळा असला पाहिजे, आणि तो किती, हे कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही.

त्या सकाळी तालमीच्या खोलीत त्यांचे एक वृद्ध गुरू आले होते. ते स्वतः चेलोवादक, आणि याच रचनेची तालीम त्यांनी कधीकाळी खुद्द संगीतकारासमोर बसून केलेली. थोडा वेळ ऐकून त्यांनी चौघांतल्या चेलो वाजवणाऱ्या मुलीच्या हातून चेलो घेतला, गज मुठीत धरला, आणि मनगट अगदी निश्चल ठेवून केवळ कोपराचे वजन खाली सोडले. जो ध्वनी निघाला तो तिच्या ध्वनीहून लहान होता, पण त्यातला प्रत्येक कट्कार दुसऱ्यापासून स्वच्छ वेगळा होता. मग त्यांनी सांगितले की जोर लावावयाचा नाही, वजन सोडावयाचे आहे. आणि ही गोष्ट त्यांना सांगितली गेली नव्हती, दाखवली गेली होती. मुलीने चेलो परत घेतला, पुष्कळ वेळ काहीच न वाजवता हात नुसता तोलून पाहिला, आणि मग तो ध्वनी तिच्याही वाद्यातून आला, पहिल्याने अर्धवट, मग पुरता.

मला जे म्हणावयाचे आहे ते याच ठिकाणी म्हणतो. हयात संगीतकाराची रचना वाजवणाऱ्या चतुष्टयाचे खरे काम रंगमंचावरच्या वीस मिनिटांत नसते. कागदावरच्या खुणेचे हाताच्या सवयीत रूपांतर करणे, आणि हाताला कळलेले पुन्हा कागदावर नेऊन लिहिणाऱ्याच्या पदरात घालणे, ही दुतर्फा ये-जा हेच ते काम आहे. लाखेनमान यांच्याइतका तपशील ज्यांच्या लेखनात आहे असे संगीतकार थोडे, तरी त्यांच्याही कागदावर भाराची खूण आहे, भार नाही. तो एका कोपराकडून दुसऱ्या कोपराकडेच जातो.

लंडनचे आर्दिती चतुष्टय या कामाचे सर्वांत मोठे उदाहरण होय. आर्व्हिन आर्दिती यांनी १९७४ मध्ये, रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये विद्यार्थी असतानाच, सहाध्यायांना घेऊन ते उभे केले. संगीतकाराला समोर बसवून त्याच्या रचनेची तालीम करावयाची हा त्यांचा पहिल्यापासूनचा नेम, आणि त्यांच्यासाठी लिहिल्या गेलेल्या चतुष्टयांची गणना शेकड्यांनी करावी लागते. लाखेनमान यांनी २००१ मध्ये आपले तिसरे चतुष्टय, 'ग्रिदो', त्यांच्यासाठीच लिहिले आणि त्याच्या नावात त्या चौघांच्या नावांची अक्षरे गुंफली. त्या चौघांतले चेलोवादक रोहन दे सरम हे सिंहली घराण्यातले. बालपणी त्यांनी श्रीलंकेतल्या कँडीचा ढोलही शिकला होता, आणि इटालियन संगीतकार बेरिओ यांनी त्यांच्यासाठी चेलोची रचना लिहिली तेव्हा त्या ढोलाची लय तीत घेतली. वादकाचा हात संगीतकाराच्या कागदात कसा शिरतो, याचा याहून उघड दाखला मला ठाऊक नाही.

याच्या अगदी उलट टोकाला अमेरिकेतले क्रोनोस चतुष्टय आणि टेरी रायली. रायली यांचाही जन्म १९३५ चाच. १९६४ च्या 'इन सी' ने त्यांचे नाव झाले, आणि १९७० पासून त्यांनी पंडित प्राणनाथ यांचे शिष्यत्व पत्करले. प्राणनाथ हे किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य. म्हणजे ज्या घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले आणि ज्याची गायकी सवाई गंधर्वांकडून भीमसेन जोशींपर्यंत महाराष्ट्राने जिवापाड ऐकली, तेच हे घराणे. ख्याल आणि उत्स्फूर्त वादन यांत बुडालेल्या रायली यांनी संगीत लिहून ठेवणे जवळजवळ सोडूनच दिले होते. १९७३ मध्ये क्रोनोस स्थापणारे डेव्हिड हॅरिंग्टन यांनी त्यांच्या मागे लागून त्यांना पुन्हा लिहिते केले, आणि १९८० मध्ये 'सनराइज ऑफ द प्लॅनेटरी ड्रीम कलेक्टर' अवतरले. येथे कागद जवळजवळ मोकळा: लहान लहान स्वरबंध लिहिलेले, त्यांची जुळणी आणि घडण पुष्कळशी तालमीत ठरावयाची. एकाचा कागद खुणांनी ओथंबलेला, दुसऱ्याचा रिकामा. आणि तरीही दोघांनाही वादकांसमवेत एका खोलीत बसल्याखेरीज गत्यंतर नाही.

हे संगीत नव्हे, गोंगाट आहे, असे म्हणणारे सज्जन स्टुटगार्टातही पुष्कळ आहेत आणि पुण्यातही मला पुष्कळ भेटतील. त्यांना मी आदराने मिरजेच्या तंबोऱ्याकडे बोट दाखवीन. तेथला कारागीर तारेचा स्वर निर्भेळ यावा म्हणून खपत नसतो. घोडीचा माथा अतिशय सूक्ष्म उताराने घासून, तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा नेमक्या जागी सरकवून, तार घोडीला पुनःपुन्हा स्पर्श करीत झणाणावी यासाठी तो आपले सारे कौशल्य खर्ची घालतो, आणि त्या झणत्काराच्या पोटातूनच स्वयंभू गांधार उमटतो. स्वर आणि घर्षण यांचे वैर आपल्या परंपरेने कधी मानलेले नाही.

हा तंबोरा मला नव्या रचनेच्या तालमीतही सोडून गेला नाही. बाईंनी एका जागी व्हिओलाच्या सर्वांत खालच्या तारेचा सातवा उपस्वर मागितला होता: तार दाबावयाची नाही, खुंट्यांच्या बाजूने तिच्या सातव्या हिश्शावर बोट नुसते टेकवावयाचे. हा उपस्वर म्हणजे त्या तारेला षड्ज मानले तर कोमल निषाद, पण पियानोच्या निषादापेक्षा ३१ सेंटांनी, म्हणजे अर्धस्वराच्या जवळजवळ तृतीयांशाने, उतरलेला. व्हिओलात तो आपोआप येई, कारण तारेचेच ते देणे. अडचण दुसऱ्या व्हायोलिनची होती, ज्याने बोट दाबून तोच निषाद बरोबर मिळवावयाचा होता आणि ज्याचे बोट, वीस वर्षांच्या शिस्तीमुळे, दर वेळी शिकलेल्या जागी वर चढत होते. कागदावर बाण होता, आकडाही होता, आणि दोहोंचा काही उपयोग होत नव्हता. शेवटी त्यांनी वादन थांबवले, व्हिओला एकटा वाजू लागला, आणि दुसऱ्या व्हायोलिनवाल्याने वाद्य मांडीवर ठेवून तो निषाद गळ्याने गायला, इतका वेळ की त्याच्या आणि व्हिओलाच्या आवाजातली थरथर पूर्ण निमाली. मग त्याने वाद्य उचलले आणि बोट न चुकता खाली पडले.

तरी प्रश्न राहिलाच. सावकाश वाजवताना येणारा तो उपस्वर खऱ्या गतीत बोलेना. त्याला गज घोडीजवळ न्यावा लागतो आणि जागे व्हायला थोडा अवकाश लागतो, आणि लिहिलेल्या मात्रेत तो अवकाश नव्हता. वादकांनी हे सांगितले तेव्हा बाई काही काळ गप्प राहिल्या, मग त्यांनी व्हिओलाचा प्रवेश एक मात्रा आधी आणला; परंतु तसे होताच चेलोचा शेवट त्यावर आदळू लागला, म्हणून चेलो आखूड केला; आणि मग पहिल्या व्हायोलिनच्या वाट्याला जे मौन आले ते त्यांना इतके आवडले की त्यांनी तेथला एक संपूर्ण स्वरबंध पेन्सिलीने खोडून टाकला. कोणी कोणाला हुकूम देत नव्हते, कोणी कोणाची मनधरणी करीत नव्हते. ज्यांना वस्तू नीट व्हावी असे वाटते त्या माणसांचे बोलणे किती थोडक्यात होते, हे मला तेथे दिसले.

'ग्रान तोर्सो' च्या मध्यावर व्हिओला एकटाच, जवळजवळ नादहीन, श्वासाच्या गतीने गज ओढत राहतो. त्या भागाच्या तालमीसाठी खोलीतले उष्णतेचे यंत्र बंद करावे लागले, कारण त्याच्या नळ्यांची कुजबूज व्हिओलाहून मोठी होती, आणि चौघेजण कोट घालून बसले. तिघांना त्या वेळी वाजवावयाचे काही नसते, पण त्यांचे न हलणे हाही वादनाचाच भाग असल्यामुळे ते इतक्या काळजीने बसण्याचा सराव करीत होते की कोपऱ्यात मीही पान उलटायचे थांबलो.

प्रत्यक्ष कार्यक्रमाविषयी लिहिण्यासारखे थोडे आहे. सभागृह लहान, श्रोते बेताचे, बहुतेक एकमेकांना ओळखणारे. कट्कार विरळत गेले, निषाद मिळाला, टाळ्या मनापासूनच्या होत्या. अशा संगीताचा खर्च तिकिटांवर कधीच भागत नाही. जर्मनीत सार्वजनिक नभोवाणी केंद्रे नव्या रचना मागवून घेतात, १९२१ पासूनचा डोनाउएशिंगेनचा महोत्सव त्यांच्याच आधारावर चालतो, आणि या आश्रयावर कात्री चालविण्याची भाषा अधूनमधून ऐकू येते तेव्हा तीत त्या वृद्ध गुरूंच्या कोपराचा हिशेब कोठेही धरलेला नसतो, याचे मला मनस्वी वाईट वाटते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चौघांकडून त्यांच्या प्रती मागून घेतल्या. प्रत्येक प्रतीवर निरनिराळ्या हस्ताक्षरांतल्या पेन्सिलीच्या खुणा होत्या: कोठे बाण, कोठे चष्म्याचे चित्र म्हणजे येथे मान वर करून पाहा, कोठे केवळ 'वजन' असा शब्द. मेजावर चारही प्रती शेजारी शेजारी मांडून त्या एकेक खूण वाचीत होत्या, शंका आली की वादकाला विचारीत होत्या, आणि ज्या खुणा दुसऱ्या कोणत्याही चतुष्टयाच्या उपयोगी पडतील त्या शाईने मूळ मसुद्यात चढवीत होत्या. निषादाच्या जागी त्यांनी बाण आणि आकडा ठेवले, आणि खाली नवी सूचना लिहिली की दुसऱ्या व्हायोलिनने हा स्वर प्रथम व्हिओलाबरोबर गाऊन घ्यावा.